काचेआडचा शिंजीर

प्रश्न : पाय प्लास्टरमध्ये असल्याने घरातच आहे. खिडकीतून जास्वंदीवरच्या शिंजिराचे फोटो काढते, पण ते धूसर येतात. काय करू? – एक वाचक, पुणे

उत्तर : काच पुसा, खोलीतला दिवा मालवा आणि लेन्स काचेला जवळजवळ टेकवा, प्रतिबिंब जातं. शिंजीर क्षणभर स्वस्थ बसत नाही, तेव्हा शटरचा वेग सेकंदाचा १/१००० तरी हवा. त्यासाठी आयएसओ बिनधास्त वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. पक्ष्यामागे कॅमेरा फिरवत बसण्यापेक्षा तो वारंवार येतो त्या फुलावर आधीच फोकस करून थांबा. सावलीत नर निव्वळ काळा दिसतो. निळी-जांभळी झळाळी पिसांच्या रचनेतून येते, तिला ऊन लागतं. लोंबतं घरटं दिसलं, तर फोटोसाठी भोवतीची पानं मात्र छाटू नका. आडोसा गेला की कावळ्यांचं फावतं.