गटाची जुनी पिकअप: आधी काय दुरुस्त करायचं, मग काय?



गटाच्या नावावर मालवाहू गाडी असणं ही लहान गोष्ट नाही. भाजीचे क्रेट, दुधाचे कॅन, पापड-मसाल्याची खोकी आपल्याच गाडीतून बाजारात जातात, दुसऱ्याच्या भाड्याची वाट बघावी लागत नाही. पण बरेच गट गाडी जुनी घेतात आणि मग तिच्यासोबत गॅरेजचा खर्चही येतो. बैठकांना फिरताना दोन वाक्यं मला सारखी ऐकू येतात. एक, "कमावलं ते सगळं गॅरेजलाच जातं." दुसरं, "मिस्त्री म्हणेल ते करायचं, आपल्याला त्यातलं काय कळतंय?"

या वेळचा धडा त्या दुसऱ्या वाक्यासाठी आहे. गाडी दुरुस्त करायला मिस्त्री लागतो, हे खरं. पण कोणतं काम आधी, कोणतं नंतर आणि कोणतं करायचंच नाही, हे ठरवायचं काम मालकाचं असतं. मालक आपण आहोत. एका मजुरीत किराणा, शाळेची फी आणि गटाचा हप्ता बसवणाऱ्या बाईला हा हिशोब नक्की जमतो.

पहिली पायरी: गाडी स्वतः बघा आणि यादी लिहा

गॅरेजला जाण्याआधी एका सकाळी गाडी सपाट जागेवर, इंजिन थंड असताना उभी करा. दोघी-तिघी मिळून बघा. एकीने बघायचं, एकीने वहीत लिहायचं. ड्रायव्हर दादांनाही सोबत घ्या, कारण गाडीची रोजची तक्रार त्यांना माहीत असते.

टायर: टायरच्या खाचेत आडवी बारीक उंचवट्याची खूण असते. नक्षी झिजून त्या खुणेला टेकली, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली. तो टायर संपला, नियमातही तो चालत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. जुना टायर घेताना हे आकडे आधी वाचा. स्टेपनी बघायला विसरू नका.

ब्रेक: इंजिन चालू ठेवून ब्रेकचं पॅडल दाबून धरायला सांगा. पाय हळूहळू खाली जात राहिला तर कुठेतरी गळती आहे. उतारावर हँडब्रेक ओढून गाडी थांबते का तेही बघा.

स्टिअरिंग: स्टिअरिंग थोडं हलवून बघा. ते बरंच फिरतं आणि चाक जागचं हलत नाही, तर जोड सैल झालेत.

पाणी आणि ऑईल: ऑईलची पट्टी काढून पुसा, परत घालून काढा, दोन खुणांच्या मध्ये ऑईल हवं. रेडिएटरचं झाकण गरम इंजिनवर कधीही उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवा. सकाळी डाग दिसला तर काय गळतंय आणि कुठून, हे मिस्त्रीला दाखवता येतं.

धूर: काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, बऱ्याचदा एअर फिल्टर धुळीने भरलेला असतो. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. गाडी गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर ते पाणी इंजिनमध्ये जात असण्याची शक्यता आहे. गाडी थांबवा, तशीच दामटू नका.

क्लच: चढावर इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, तर क्लच प्लेट झिजलीय.

दिवे आणि कागद: पुढचे-मागचे दिवे, इंडिकेटर, ब्रेकलाईट, वायपर, हॉर्न एकेक लावून बघा. आरसी, विमा, पीयूसी आणि पासिंग यांच्या मुदतीच्या तारखा लिहा. आठ वर्षांच्या पुढच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी करावं लागतं, त्याआधी दर दोन वर्षांनी. ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा बरं का!

दुसरी पायरी: यादीचे तीन ढीग करा

आता यादीतलं प्रत्येक काम तीनपैकी एका ढिगात टाका.

लाल ढीग: हे बिघडलं तर माणूस जाईल. ब्रेक, टायर, स्टिअरिंग, दिवे, वायपर. यात तडजोड नाही, उधारी नाही, "पुढच्या महिन्यात बघू" नाही. लाल ढिगातलं काम बाकी असताना गाडी माल घेऊन बाहेर काढायची नाही.

पिवळा ढीग: हे बिघडलं तर गाडी रस्त्यात बंद पडेल. क्लच, रेडिएटरचे पाईप, पट्टे, बॅटरी, ऑईल आणि फिल्टर. गाडी बंद पडली की टोमॅटो उन्हात राहतो, दूध नासतं, वर दुसरी गाडी भाड्याने आणावी लागते. यातली स्वस्त कामं वेळेवर केली तर महाग कामं लांबतात. फिल्टर आणि ऑईलकडे दुर्लक्ष केलं की शेवटी इंजिन खोलावं लागतं.

हिरवा ढीग: यानं गाडी जास्त कमावेल किंवा बरी दिसेल. ताडपत्रीचा हुड, क्रेटचे रॅक, सीट, रंग, गाणी. हा ढीग शेवटी.

गंमत अशी की गॅरेजबाहेर उभं राहिल्यावर डोळा आधी हिरव्या ढिगावर जातो, कारण रंग दिसतो आणि ब्रेकचा लायनर दिसत नाही. म्हणून ढीग बैठकीतच करायचे, गॅरेजवर नाही.

तिसरी पायरी: पैसे कुठून आणि कधी

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी आहेत, भाव तुमच्या बाजारचे लिहा.

समजा, लाल ढीग असा आहे: ब्रेकचं काम ६,०००, पुढचे दोन टायर ११,०००, स्टिअरिंगचे जोड २,५००, दिव्यांचं वायरिंग १,५००. एकूण २१,०००.
पिवळा ढीग: क्लच १२,०००, ऑईल आणि फिल्टर ४,५००, रेडिएटरचे पाईप आणि कूलंट २,५००. एकूण १९,०००.
हिरवा ढीग: हुड ७,०००, क्रेटचे रॅक ५,०००. एकूण १२,०००.

सगळे मिळून ५२,००० झाले. हा आकडा ऐकूनच बैठक गप्प होते. कुणीतरी म्हणतं, कर्ज काढू. कुणी म्हणतं, गाडीच विकू. जरा थांबा. गटाकडे दुरुस्तीचे २४,००० शिल्लक आहेत असं धरू. गाडी महिन्याला २० खेपा करते आणि प्रत्येक खेपेमागे १५० रुपये आपण दुरुस्ती निधीत बाजूला टाकतो. महिन्याला ३,००० झाले.

आज लाल ढीग पूर्ण करा. २१,००० गेले, ३,००० उरले. दोन महिन्यांनी ९,००० होतात. त्यातून ऑईल, फिल्टर, पाईप, कूलंट ही ७,००० ची कामं करा, २,००० उरले. आणखी चार महिन्यांनी १४,००० होतात, तेव्हा क्लच टाका. परत २,००० उरले. त्यापुढच्या चार महिन्यांनी हुड आणि रॅक. दहा महिन्यांत ५२,००० चं काम झालं, कर्ज न काढता. मधेच क्लच गेला तर तेवढ्यापुरतं गटाचं अंतर्गत कर्ज घ्या. ते फेडणं सोपं, कारण किती आणि किती महिन्यांत हे आधीच वहीत आहे.

खेपेमागचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढा. महिनाअखेरीस काढू म्हटलं की उरत नाहीत, हे बचत करणाऱ्या आपल्यापेक्षा कुणाला जास्त माहीत?

कामाची वेळही बघा. मोठं काम हंगाम सुरू होण्याआधी, जेव्हा खेपा कमी असतात. टायर, वायपर आणि ताडपत्री मृगाच्या आधी. लाल ढीग पासिंगच्या तारखेच्या महिनाभर आधी.

चौथी पायरी: गॅरेजवर कसं बोलायचं

"दादांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो," असं ऐकायला मिळालं तर शांतपणे सांगा, "गाडी गटाची आहे, पैसे आम्ही देणार, आम्हालाच सांगा." दोघींनी मिळून जा. पाच गोष्टी पक्क्या करा:

१. दोन गॅरेजकडून अंदाजपत्रक लेखी घ्या. पार्टचे पैसे वेगळे, मजुरी वेगळी.
२. पार्ट कंपनीचा आहे की लोकल, हे कागदावर लिहून घ्या. ब्रेक आणि स्टिअरिंगला लोकल पार्ट नको.
३. यादीबाहेरचं काम निघालं तर फोन करून विचारल्याशिवाय करायचं नाही, हे आधीच सांगा.
४. काढलेला जुना पार्ट परत मागा. नवा खरंच टाकला का, ते कळतं.
५. पैसे देण्याआधी गाडी चालवून बघा आणि पक्कं बिल घ्या.

चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही. रागावला, तर दुसरं अंदाजपत्रक आपल्या हातात आहेच.

सुधारणा करताना फसू नका

"कमानपाटे वाढवू, मग दुप्पट माल बसेल," असा सल्ला हमखास मिळतो. पाटे वाढवले की गाडी मागून बसत नाही, एवढंच. ब्रेक, टायर आणि एक्सल तेच राहतात, आणि गाडी थांबवायचं काम त्यांचं आहे. कागदावरची क्षमताही वाढत नाही. आरसीवर दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं एकूण. समजा भरलेली २,८५० किलो आणि रिकामी १,६५०. फरक १,२०० किलो. त्यातून ड्रायव्हर आणि सोबतच्या एका माणसाचे १३० वजा करा, उरले १,०७०. भरलेला क्रेट २५ किलोचा धरला तर ४२ क्रेट. हा आकडा मोठ्या अक्षरात केबिनमध्ये चिकटवा. जादा मालाला कायद्यात २०,००० रुपये दंड आहे आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,०००. एका पावतीत वर्षाच्या निम्म्याहून जास्त दुरुस्तीचे पैसे जातात.

हौद्याची उंची वाढवणं किंवा सीएनजी किट बसवणं, असे आरसीवरची माहिती बदलणारे बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करू नका. जास्त वॅटचे बल्ब जुन्या वायरिंगवर लावू नका, वायर तापून आग लागू शकते. पैसे घालायचेच तर चांगली ताडपत्री, माल बांधायचे पट्टे, मागे चमकणाऱ्या पट्ट्या आणि केबिनमध्ये आग विझवायचा छोटा सिलिंडर, यात घाला.

आणि एक महत्त्वाचं. लग्नाला, जत्रेला, निंदणीला जाताना हौद्यात बायका-मुलं बसवणं आपल्याकडे रोजचं झालंय. मालवाहू गाडीत असे बसलेले प्रवासी विम्यात धरले जात नाहीत. अपघात झाला तर भरपाई मालकावर, म्हणजे गटावर येऊ शकते. पैशाचं सोडा, हौद्यात धरायला दांडासुद्धा नसतो. जाऊबाईंना, शेजारणीला नाही म्हणणं जड जातं, मला कळतं. म्हणून नाही एकटीने म्हणायचं नाही. गटाचा ठराव करा आणि ठरावाकडे बोट दाखवा.

कधी थांबायचं?

वर्षभराच्या दुरुस्तीचा खर्च गाडीच्या वर्षाच्या निव्वळ कमाईपेक्षा जास्त होऊ लागला, किंवा चेसिसला तडा गेला, गंजून भोक पडलं, तर पुढचा पैसा घालण्याआधी विकायचा विचार करा. "आतापर्यंत एवढे घातलेत" हे कारण धरू नका. गेलेले पैसे गाडी ठेवली तरी परत येत नाहीत आणि विकली तरी येत नाहीत. पुढच्या वर्षी ती किती देईल, तेवढंच बघायचं. हे सांगता यावं म्हणून गाडीची वही हवी: तारीख, किलोमीटर, काय काम केलं, कोणता पार्ट, किती रुपये, पुढचं कधी. एका ओळीत एक काम. गाडी विकतानाही अशी वही असलेल्या गाडीवर घेणाऱ्याचा विश्वास बसतो.

पुढच्या बैठकीत करा

१. गाडीसाठी दोघींची जबाबदारी ठरवा. एक तपासणीला, एक वहीला. सहा महिन्यांनी बदला, म्हणजे सगळ्यांना येईल.
२. यादी मोठ्याने वाचा आणि प्रत्येक काम लाल, पिवळं की हिरवं, यावर हात वर करून ठरवा. वाद होऊ द्या, त्यातूनच शिकायला मिळतं.
३. आरसीवरून तुमच्या गाडीत किती क्रेट बसतात, याचा हिशोब काढा.
४. खेपेमागे दुरुस्ती निधीत किती टाकायचे, त्याचा ठराव लिहा.
५. ज्यांच्याकडे गाडी नाही पण घ्यायचा विचार आहे, त्यांनी हीच यादी घेऊन गाडी बघायला जावं. लाल ढीग मोठा निघाला तर तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा.

तुमची यादी तयार झाली की मासिक बैठकीला घेऊन या. आपण मिळून वाचू, एकमेकींच्या भावांशी ताडून बघू. एका गटाला टायर कुठे रास्त मिळाला, हे दुसऱ्या गटाला कळलं तर तीही बचतच आहे.