खड्डा एकदाच खणा
सोसायटीच्या आवारातली भूमिगत वीजकेबल बदलायला खर्च किती आणि तो कुठे होतो?

केबल बदलायचे कोटेशन आले की कमिटीतल्या सगळ्यांची नजर आधी केबलच्या दरावर जाते. घासाघीसही तिथेच होते. पण सोसायटीच्या आवारातल्या कामात केबलचा वाटा साधारण एक तृतीयांशाहून थोडा अधिक असतो. तेवढाच किंवा त्याहून जास्त पैसा खणणे, वाळू-विटा आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक परत बसवणे यांवर जातो. थोडक्यात, केबलपेक्षा खड्डा महाग. पुढचे सगळे नियोजन याच एका गोष्टीवर उभे करायला हवे.

आधी विचारा, केबल कुणाची?

खर्चाच्या आधीचा प्रश्न मालकीचा. रस्त्यावरच्या फीडर पिलर किंवा मिनी पिलरपासून इमारतीच्या मीटर रूमपर्यंत येणारी केबल वीज वितरण कंपनीच्या देखभालीत येते. मग ती महावितरण असो, बेस्ट असो की अदानी किंवा टाटा. ही केबल जुनी झाली, गळायला लागली, तर ती बदलणे कंपनीचे काम आहे. त्यासाठी वर्गणी काढू नका. शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि कंपनीच्या तक्रार केंद्रावर नोंदवलेल्या प्रत्येक तक्रारीचा क्रमांक तारखेसह एका वहीत लिहून ठेवा. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल असे दोन टप्पे आहेत. तिथे हीच वही उपयोगी पडते.

मीटरच्या पुढची केबल मात्र तुमची. कॉमन मीटरपासून पंप रूम, एसटीपी, आवारातले दिवे, क्लब हाउस आणि चार्जिंग पॉइंटपर्यंत जाणाऱ्या वाहिन्या सोसायटीच्या असतात. जनरेटरपासून प्रत्येक विंगपर्यंत गेलेली केबलही सोसायटीचीच. मोठ्या संकुलाने उच्चदाबाची एकच जोडणी घेतली असेल, तर मीटरनंतरचा ट्रान्सफॉर्मरही सोसायटीच्या गळ्यात असतो.

दोन प्रसंगी कंपनीच्या केबलसाठीही तुम्हाला पैसे भरावे लागतात. एक, तुम्ही मंजूर भार वाढवून मागितला तर. दोन, बांधकाम किंवा पार्किंगच्या सोयीसाठी केबल हलवायची असेल तर. अशा कामात कंपनीच्या देखरेखीखाली स्वतःचा परवानाधारक ठेकेदार नेमण्याचा पर्याय आहे का, हे अर्ज करतानाच विचारा. पैसे नेहमी तपशीलवार डिमांड नोटवर आणि पावती घेऊनच भरा. वायरमनच्या हातात रोख देऊन झालेल्या कामाची कागदावर नोंद राहत नाही.

बदलायची की जोडायची?

जेसीबीच्या दातामुळे एका जागी तुटलेली केबल बदलायची गरज नसते. तिथे खणून चांगला जॉइंट मारला की काम भागते. पण केबलमध्ये आधीच दोन-तीन जॉइंट असतील, दर पावसाळ्यात कुठेतरी बिघाड होत असेल, किंवा पंप सुरू होताच दिवे मंद होत असतील, तर जॉइंटवर घातलेला प्रत्येक रुपया वाया जातो.

निर्णय अंदाजाने घेऊ नका, मेगर करून घ्या. मेगरने केबलच्या इन्सुलेशनचा रोध मोजतात. ही चाचणी भर पावसात करावी. उन्हाळ्यात कोरड्या जमिनीत धडधाकट दिसणारी केबल जुलैत ओलावा शिरल्यावर खरे रूप दाखवते. लो टेन्शन केबलचे वाचन १ मेगाओहमच्या खाली येत असेल तर ती बदलायच्या यादीत टाका. कोरड्यातले आणि ओल्यातले वाचन शेजारी शेजारी मांडून सभेपुढे ठेवले की निम्मा वाद तिथेच मिटतो.

किती जाड घ्यायची?

‘होती तेवढीच टाका’ हे सर्वांत महाग वाक्य आहे. जुनी केबल टाकली तेव्हा आवारात दोन पंप आणि काही दिवे होते. आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या आहेत. घरगुती चार्जर साधारण ३.३ किंवा ७.४ किलोवॉटचे असतात. ७.४ किलोवॉटचे दहा चार्जर एकदम चालले तर ७४ किलोवॉट, म्हणजे तीन फेजवर प्रत्येकी सुमारे १०० अँपिअर. त्यात पंप आणि लिफ्ट मिळवा.

अशा भाराला साडेतीन कोअर, ९५ स्क्वेअर एमएमची ॲल्युमिनियम आर्मर्ड केबल साधारण पुरते. साडेतीन म्हणजे तीन पूर्ण जाडीचे फेज आणि निम्म्या जाडीच्या आसपासचा न्यूट्रल. इन्सुलेशन एक्सएलपीईचे घ्या. ते ९० अंश सेल्सियसपर्यंत तग धरते, साधे पीव्हीसी ७० अंशांपर्यंत. केबलवर आयएसआय चिन्ह, आयएस ७०९८ हा क्रमांक, आकार आणि मीटरचे आकडे छापलेले असतात. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा यांची वजाबाकी केली की माल किती आला ते कळते. नेमका आकार मात्र परवानाधारक ठेकेदाराकडून लांबी, भार आणि व्होल्टेज ड्रॉप धरून लेखी हिशेबासह घ्या.

आता हिशेब

समजा, ६० घरांची सोसायटी आहे. मीटर रूमपासून मागच्या पार्किंगपर्यंत १२० मीटरचा मार्ग, सगळा आवारातच, वर पेव्हर ब्लॉक आणि खाली मुरूम. दोन्ही टोकांना हात राखून १३५ मीटर केबल मागवायची. पुढचे दर अंदाजपत्रकासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे दर त्या जागी घाला.

• केबल, ९५ स्क्वेअर एमएम, १३५ मीटर, ६०० रुपयांनी: ८१,००० रुपये
• खणणे आणि बुजवणे, १२० मीटर, ३५० रुपयांनी: ४२,००० रुपये
• वाळू, विटा, धोक्याची पट्टी, २५० रुपयांनी: ३०,००० रुपये
• पेव्हर परत बसवणे, ७२ चौरस मीटर, २५० रुपयांनी: १८,००० रुपये
• शेजारी एक रिकामा पाइप, १८० रुपयांनी: २१,६०० रुपये
• केबल अंथरण्याची मजुरी, ८० रुपयांनी: ९,६०० रुपये
• ग्लँड, लग आणि दोन टोकांची जोडणी: ५,००० रुपये
• अर्थिंग, चाचणी आणि अहवाल: १०,००० रुपये

बेरीज २,१७,२०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ३९,०९६ रुपये. अडचणींसाठी १० टक्के बाजूला ठेवले तर एकूण साधारण २ लाख ८२ हजार, म्हणजे घरटी ४,७०० रुपये.

आता कर वगळून वाटे पाहा. केबल ३७ टक्के. खणणे, वाळू-विटा आणि पेव्हर मिळून ९०,००० रुपये, म्हणजे ४१ टक्के. खाली मुरमाऐवजी काळा दगड लागला तर ब्रेकर लावावा लागतो आणि खणण्याचा दर दुप्पट व्हायला वेळ लागत नाही. म्हणून कोटेशन मागवण्यापूर्वी मार्गावर दोन-तीन ठिकाणी चाचणीचे खड्डे घ्या. त्यात दगड कळतो, शिवाय पाण्याची आणि गॅसची वाहिनी कुठे आहे तेही कळते. पाइप गॅस असेल तर त्या कंपनीला आधी कळवल्याशिवाय कुदळ लावू नका.

केबलचा दर बरोबर आहे का, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. ९५ स्क्वेअर एमएमच्या साडेतीन कोअर केबलमध्ये मीटरला सुमारे ९०० ग्रॅम ॲल्युमिनियम असते. धातूचा भाव किलोला २५० रुपये धरला तर नुसते धातूचेच २२५ रुपये झाले. त्यावर इन्सुलेशन, लोखंडी आर्मर, कारखाना आणि दुकानदार. कोणी ही केबल ३०० रुपये मीटरने देऊ करत असेल, तर आत ॲल्युमिनियम कमी आहे असे समजा.

केबल सार्वजनिक रस्ता ओलांडत असेल तर महापालिकेची खोदाई परवानगी आणि रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क वेगळे. मोठ्या शहरांत ते मीटरमागे काही हजारांत जाते आणि वरचा सगळा हिशेब उलटा होतो. अशा ठिकाणी रस्ता न फोडता खालून आडवे भोक पाडून पाइप सरकवण्याचा दर अवश्य मागवा.

कुठे हात आखडू नये

खोली. आयएस १२५५ या मानकानुसार लो टेन्शन केबल किमान ७५ सेंटिमीटर खोल हवी, आणि वाहने वरून जातात तिथे पाइपात, १ मीटर. मजुराला दीड फुटावर थांबायचा मोह होतो. म्हणून बुजवण्याआधी टेप लावलेले फोटो कमिटीच्या माणसाने स्वतः काढावेत.

वाळू. केबलखाली आणि वर वाळूचा थर, त्यावर विटा, मग धोक्याची पट्टी. खणलेले दगड थेट केबलवर लोटले तर आजच्या कामात आपणच पुढचा बिघाड पेरतो.

जॉइंट. एवढ्या छोट्या मार्गात एकही जॉइंट नको. अखंड तुकडाच हवा, असे कोटेशनमध्ये लिहून घ्या. आर्मर दोन्ही टोकांना अर्थ झालेच पाहिजे.

वाचवायचे असेल तर दुसरीकडे वाचवा. ड्रेनेजचे किंवा सीसीटीव्हीचे खोदकाम ठरलेले असेल तर दोन्ही कामे एका हंगामात घ्या, म्हणजे पेव्हर एकदाच उचकटतील. मात्र इंटरनेट-सीसीटीव्हीच्या तारा वीजकेबलपासून किमान ३० सेंटिमीटर दूर ठेवा. जुनी केबल बाहेर काढणार असाल तर तिचे भंगारही मोजा. ती ३५ स्क्वेअर एमएमची असली तरी १२० मीटरमधून सुमारे ४० किलो ॲल्युमिनियम निघते. हे भंगार कुणाचे, ते आधी लिहिले नाही तर ठेकेदाराच्या टेम्पोतून निघून जाते. कंपनीच्या मृत केबलला मात्र हात लावायचा नाही.

वर्षाचे वेळापत्रक

जून-जुलै: ओल्या जमिनीत मेगर, चाचणीचे खड्डे.

ऑगस्ट: किमान तीन ठेकेदारांना एकच कामाची यादी देऊन कोटेशन. प्रत्येकाने आपापली यादी केली तर तुलना होत नाही.

सप्टेंबर: वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. हा विषय त्याच सभेत घ्या. आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड ०.२५ टक्के जमवायचा असतो. पहिला हात दुरुस्ती निधीला. सिंकिंग फंडाला ठरावाशिवाय स्पर्श नको.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी: काम. पावसाळ्यात महापालिका रस्ता खणू देत नाहीत. एप्रिल-मेमध्ये भार शिगेला असतो, तेव्हा बंद ठेवणे परवडत नाही.

नवी केबल जुनीच्या शेजारून टाका आणि चाचणी पूर्ण झाल्यावरच टोके बदला. असे केले तर वीज दोन दिवसांऐवजी एक सकाळ बंद राहते. आदल्या रात्री टाक्या भरून ठेवल्या की टँकरही लागत नाही. इमारत १५ मीटरहून उंच असेल तर विद्युत निरीक्षक कार्यालयाकडे करायची पूर्तता ठेकेदाराच्या कामाच्या यादीतच घाला.

पैसे टप्प्याने द्या: थोडे आगाऊ, मग केबल आवारात आल्यावर, मग चाचणी अहवालानंतर. शेवटचे १० टक्के एक पावसाळा पार पडेपर्यंत हातात ठेवा. तशी अट आधीच लिहिली असेल तर कुणी नाराज होत नाही.

रिकाम्या पाइपाचे २१,६०० रुपये

सभेत कुणीतरी यादीतल्या पाचव्या ओळीवर बोट ठेवेल: ज्यातून काहीच जात नाही त्या पाइपाला एवढे पैसे कशाला? त्याला हिशेबातले ९०,००० दाखवा. पाच-सात वर्षांनी चार्जर दुप्पट झाले, तर दुसरी केबल या पाइपातून ओढता येईल आणि हे ९०,००० पुन्हा खर्च होणार नाहीत. त्यासाठी पाइपात नायलॉनची दोरी आताच ओवून ठेवा, वळणावर चेंबर बांधा आणि दोन्ही तोंडे टोपीने बंद करा. मग मार्गाचा नकाशा काढा, भिंतीपासूनचे अंतर मीटरमध्ये लिहा आणि तो मीटर रूमच्या दाराला आतून लावा. पुढची कमिटी तुम्हाला ओळखतही नसेल, पण कुठे खणायचे नाही हे तिला त्या कागदावरून कळेल.