मोसंबीचे नवे कलम : लागवडीची खोली आणि आच्छादन

बिडकीन-पैठण भागातील शेतकऱ्यांना मोसंबी नवी नाही. मात्र २०१२-१३ च्या दुष्काळात छत्रपती संभाजीनगर व जालना जिल्ह्यांतील अनेक बागा पाण्याअभावी वाळल्या. तेव्हापासून ओल टिकावी म्हणून काही शेतकरी कलम खोल लावतात आणि आळ्यात खोडापर्यंत पाचट भरतात. हेतू चांगला असला, तरी या दोन्ही गोष्टी कलमाला घातक ठरतात.

खोली किती असावी?

मोसंबीचा डोळा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरतात. डिंक्या रोगाला खुंटापेक्षा मोसंबीची साल लवकर बळी पडते. जोड मातीत गेला की ही साल सतत ओली राहते व बुरशी शिरते. भारी काळ्या जमिनीत खोल गेलेल्या मुळांना हवाही मिळत नाही. असे कलम पहिले वर्ष हिरवे दिसते, पुढे पाने पिवळी पडून झाड वठते. फळे धरण्यापूर्वीच इतक्या वर्षांचा खर्च व मेहनत वाया जाते.

म्हणून पिशवीतील मातीचा वरचा थर जमिनीच्या पातळीत ठेवावा. जोड जमिनीपासून किमान १५ सें.मी. वर असावा. खड्ड्यातील माती पहिल्या पावसात खाली बसते व कलमही तिच्याबरोबर खचते. यासाठी खड्डा मे महिन्यातच भरावा आणि माती जमिनीपेक्षा थोडी उंच ठेवावी. भारी जमिनीत उंच वरंब्यावर लागवड करावी.

आच्छादन कसे करावे?

उसाचे पाचट, वाळलेले गवत किंवा भुसा यांचा ७ ते १० सें.मी. थर द्यावा. त्यामुळे बाष्पीभवन घटते, तण दबते व उन्हाळ्यात मुळांजवळची माती कमी तापते. थर फार जाड केल्यास हलक्या सरी त्यातच जिरतात, मुळांपर्यंत पाणी पोचत नाही. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी. दुहेरी आळे करून पाणी बाहेरच्या आळ्यात द्यावे. मात्र पहिले काही आठवडे मुळे पिशवीच्या मातीतच असतात, म्हणून त्या मातीलगत ओल राहील याची काळजी घ्यावी. पाचटात वाळवी दिसते का, हे अधूनमधून पाहावे.

लावलेल्या बागेत काय करावे?

खोडाजवळची माती हाताने उकरून पाहावी. जोड झाकला असल्यास माती दूर करून पाण्याला वाट द्यावी. एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी यांचे बोर्डो मलम पावसाळ्यापूर्वी व नंतर खोडाला लावावे.

थोडक्यात, ओल मुळांना हवी, खोडाला नको.