ट्रॅक्टरचे इंजिन ऑईल घरच्या घरी बदला



गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टरला नवे टायर, ट्रॉलीला रंग, बॉनेटवर देवाचे नाव, हे सारे आपण हौसेने करतो. इंजिनात ऑईल मात्र गेल्या हंगामातलेच. मग ऐन डिसेंबरात भरल्या ट्रॉल्या ओढताना इंजिन जाम होते, तोडलेला ऊस फडात वाळतो, वजन घटते, अन् बँकेचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून या कामाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

बऱ्याच ट्रॅक्टरना २५० तासांनी ऑईल बदलावे लागते, काही नव्या मॉडेलना त्याहून उशिरा. आपल्या पुस्तिकेतला आकडा खरा माना. मीटर बंद असेल तर डिझेलवरून हिशेब धरा. तासाला सरासरी ४ लिटर जळत असेल, तर १००० लिटर डिझेल संपले की २५० तास भरले. ऑईल बोटावर घेऊन "काळं झालंय, बदला" असे कुणी सांगेल. पण डिझेल इंजिनात नवे ऑईलही लवकरच काळे पडते. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. रंगावर जाऊ नका, तासांवर जा.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. इंजिन दहा मिनिटे चालवून बंद करा. गरम ऑईल पातळ होऊन गाळासकट निघते. थंड इंजिनातला गाळ चेंबरच्या तळाशीच बसतो. हात मात्र भाजू देऊ नका. खाली घमेले ठेवून ड्रेन नट काढा आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबा. इथे घाई नको.

उतरलेले ऑईल नीट पाहा, ते इंजिनाची तब्येत सांगते. दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. काढण्याआधीच काडीवर पातळी वाढलेली होती? मग बहुधा डिझेल उतरत असणार. ऑईल वाढलं म्हणून खूश होण्यासारखे त्यात काही नाही. धातूची चमक दिसली तर बेअरिंग झिजत असेल. या तिन्ही वेळी मिस्त्रीला दाखवल्याशिवाय ट्रॅक्टर खेपेला काढू नका.

ऑईलबरोबर फिल्टर बदलाच. तिथे काटकसर करून नवे ऑईल जुन्या घाणीत ओतण्यात काय अर्थ? गोल डब्याचा फिल्टर असेल तर त्याच्या रबरी रिंगला ऑईलचे बोट फिरवा आणि हाताने आवळा, पान्याने नव्हे. जुनी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, तेही बघा. ड्रेन नटाला नवा वायसर घाला. ऑईल पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच, सीलबंद डब्यातले घ्या. बऱ्याच ट्रॅक्टरना १५ डब्ल्यू ४० किंवा २० डब्ल्यू ४० चालते. काडीवरच्या वरच्या खुणेपलीकडे भरू नका. इंजिन दोन मिनिटे मंद चालवा. प्रेशरचा दिवा विझला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद करा. दहा मिनिटांनी पुन्हा काडी पाहून कमी असेल तेवढे भरा.

तारीख आणि तास गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिले तरी चालेल, पण लिहा.

राहिले जळके ऑईल. ते विहिरीजवळ, पाटात किंवा बांधावर ओतू नका; जनावरांच्या अंगाला तर मुळीच लावू नका, आपल्या कातडीलाही ते घातक आहे. झाकणाच्या डब्यात साठवून जुने ऑईल घेणाऱ्या परवानाधारकाला द्या.