डोकेदुखीमागचे दुखणे

डोके दुखते, झोप लागत नाही, छातीत धडधडते, कामावर निघताना पोटात गोळा येतो. अशी तक्रार घेऊन एखादी नोकरदार भगिनी आली, की रक्तदाब पाहिला जातो, गोळ्या दिल्या जातात. तपासण्या ठीक निघतात, दुखणे मात्र हटत नाही. सुट्टीच्या दिवशी बरे वाटते आणि कामाच्या दिवशी पुन्हा सुरू होते, असे असेल तर 'कामावर कोणी त्रास देते का?' हे एकांतात, हळुवारपणे विचारायला हवे.

तळीये, वरंध, बिरवाडी परिसरातील स्त्रिया कारखान्यात, दुकानात, दवाखान्यात, अंगणवाडीत काम करतात. आशाताई तर घरोघर हिंडतात. अशीच गावोगाव हिंडणारी एक कार्यकर्ती म्हणजे राजस्थानातील भँवरीदेवी. बालविवाह रोखण्याचे सरकारी काम केल्यामुळे १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. पुढे २०१३ साली कायदा झाला.

छळ कसा ओळखावा? नको असलेला स्पर्श वा सलगी, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरे, मोबाईलवर घाणेरडी चित्रे दाखवणे, हे सारे छळातच मोडते. 'ऐकलेस तर बढती, नाहीतर घरी बस' ही लालूच व धमकीही त्यातच येते. 'आम्ही गंमत केली' ही सबब चालत नाही. तिला ते नकोसे होते का, हे महत्त्वाचे. भीतीने तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे.

काय करावे? शक्य असेल तर स्पष्ट 'नको' म्हणावे. तारीख, वेळ, जागा आणि कोण हजर होते हे वहीत लिहून ठेवावे. आलेले संदेश पुसू नयेत. तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी. योग्य कारण असल्यास समिती आणखी तीन महिने मुदत देऊ शकते. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची असते. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे अंतर्गत समिती हवीच. माणसे कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. तालुक्याच्या समन्वय अधिकाऱ्याने आलेली तक्रार सात दिवसांत तिकडे पाठवायची असते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते आणि नावे गुप्त राहतात. पुरावा कमी पडला एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. पोलिसांकडे जाण्याचा मार्गही खुला असतो.

मालकांनी काय करावे? कामगारांना वेळोवेळी प्रशिक्षण देणे ही कायद्याने त्यांची जबाबदारी आहे. समिती न नेमल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र भिंतीवर फलक लावला की प्रशिक्षण झाले, असे नाही. बाई तक्रार घेऊन आली तर मुकादमाने आधी पूर्ण ऐकून घ्यावे, 'तुझंच काही चुकलं असेल' असे म्हणू नये, परस्पर मिटवू नये आणि तिला समितीचा रस्ता दाखवावा, हे शिकवले पाहिजे. सोबत्यांनीही हसण्यात सामील न होता तिच्या बाजूला उभे राहावे. साक्षीदार मिळाला की निम्मे भय जाते.

घरच्यांनी 'नोकरी सोड' म्हणण्याची घाई करू नये. झोप व भूक दोन आठवड्यांहून अधिक उडाली असेल, तर डॉक्टरांना खरे कारण सांगावे. रोगाचे मूळ कळल्याशिवाय औषध लागू पडत नाही.