मतलेखातील अश्रू आणि युद्धाचा कौल

परकीय भूमीवर सैन्य धाडावे की नाही, या प्रश्नावरील मतलेखात भावनेला आवाहन असतेच. तो दोष नव्हे. परदुःखाने ज्याचे मन हलत नाही, त्याच्या युक्तिवादाला आम्ही फारशी किंमत देणार नाही. परंतु मन हलल्यानंतर लेखक आपल्याला नेमके कोठे नेतो, हे वाचकाने पाहिले पाहिजे. वरच्या वर्गांना हे शिकविताना आम्ही कुवेतचे उदाहरण घेतो.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले. १० ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकी लोकप्रतिनिधींच्या मानवी हक्कविषयक गटापुढे, नायिरा या पंधरा वर्षांच्या मुलीने रडत साक्ष दिली. इराकी सैनिकांनी रुग्णालयातील अर्भकांना काचपेटीतून काढून थंड फरशीवर मरण्यास टाकले, असे तिने सांगितले. अध्यक्ष बुश यांनी ही हकीकत वारंवार उद्धृत केली. सिनेटच्या चर्चेतही ती आली. १२ जानेवारी १९९१ रोजी सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी युद्धास संमती दिली. केवळ या साक्षीमुळे युद्ध झाले, असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल.

जानेवारी १९९२ मध्ये जॉन मॅकआर्थर यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये उघड केले, की ही मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची कन्या होती. साक्षीमागे हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क कंपनी होती आणि तिचे शुल्क मुख्यतः कुवेत सरकारच्या पैशातून येत होते. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलनेही आधी खरी मानलेली ही हकीकत युद्धानंतर तपास करून मागे घेतली. (हे उघड करणारा लेखही मतलेखच होता, हे विद्यार्थ्यांना आम्ही आवर्जून सांगतो.)

इराकी सैन्याने कुवेतमध्ये छळ आणि हत्या केल्या होत्या, हे खरेच आहे. मग काचपेटीच्याच कथेची एवढी गरज का पडली? कारण अर्भकापुढे युक्तिवाद थांबतो. सीमा, तेल, कर्जाचा वाद, वाटाघाटी हे सारे मागे सरते. रंगमंचावर बाळ आणि क्रूर सैनिक एवढेच उरतात. बॉम्बखाली येणाऱ्या बगदादमधील बाळाला त्या चित्रात जागाच राहत नाही. करुणा जागी झाली, पण ती एका बाजूलाच वळविली गेली. आमच्या मते भावनिक आवाहनाची खरी परीक्षा येथेच होते.

दुसरी खूण ‘आपण’ या शब्दात सापडते. ‘आपण स्वस्थ बसणार का?’ असे विचारणारा बहुधा टेबलाशी बसून लिहीत असतो. ज्या घरातील मुलगा सैन्यात आहे, तेथे हा ‘आपण’ निराळा ऐकू येतो, हे पालकांना सांगावयास नको.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांच्या हाती लेख आणि पेन्सिल देतो. घटना कोणी पाहिली, ती आपल्यापर्यंत कोणी पोहोचविली आणि लढावयास कोण जाणार, हे सांगणाऱ्या वाक्यांखाली त्यांनी रेघ मारावयाची असते. पहिल्या दोहोंसाठी थोडे शोधावे लागते. तिसऱ्यासाठी पुष्कळदा वाक्यच सापडत नाही.