मनाची तपासणी आणि सांस्कृतिक सुरक्षितता

प्रयोगशाळेत मोजपात्रातील पाण्याची पातळी वाचताना शिक्षक एक सूचना हमखास देतात: डोळा पातळीच्या समोर आणा. डोळा वर किंवा खाली राहिला तर आकडा चुकतो. मोजपात्र निर्दोष असते, पाणीही तेवढेच असते. चूक असते ती पाहणाऱ्याच्या जागेत.

माणसाचे मन तपासताना अशी चूक होऊ शकते का? होऊ शकते, आणि तिची किंमत रुग्णाला मोजावी लागते. ही चूक ओळखण्याचा एक मार्ग न्यूझीलंडमधील माओरी परिचारिकांनी दाखवून दिला. त्याला 'सांस्कृतिक सुरक्षितता' असे म्हणतात. ती कशी ते आता पाहू.

संभाषण हेच उपकरण

ताप आला तर तापमापी लावतात. हाड मोडले तर क्ष-किरणांनी छायाचित्र घेतात. रुग्ण कोणती भाषा बोलतो यावर तापमापीतील आकडा अवलंबून नसतो. परंतु उदासी, भीती किंवा भास मोजणारी अशी तापमापी नाही. डॉक्टर रुग्णाशी बोलतात, त्याचे वागणे पाहतात आणि त्यावरून निदान करतात. म्हणजे येथे संभाषण हेच उपकरण असते आणि डॉक्टर स्वतः त्या उपकरणाचा एक भाग असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक माओरी तरुण डॉक्टरांसमोर मान खाली घालून गप्प बसला आहे. हे उदासीनतेच्या विकाराचे लक्षण असू शकते. पण माओरी लोकांत 'फाकामा' नावाची एक मनोवस्था आहे. लाज, संकोच आणि आपण कमी पडलो ही जाणीव तिच्यात एकत्र येतात. अशा वेळी माणूस अबोल होतो, नजर टाळतो. वरून दोन्ही सारखेच दिसते, आतले कारण मात्र वेगळे असते.

दुसरे उदाहरण. एक मुलगी सांगते, "वारलेली आजी रात्री मला हाक मारते." डॉक्टर लगेच 'भास' असे लिहून मोकळे होऊ शकतात. पण पूर्वजांचे अस्तित्व जाणवणे हे अनेक माओरी कुटुंबांत आजाराचे चिन्ह मानले जात नाही. म्हणून आणखी विचारावे लागते. त्या हाकेची तिला भीती वाटते की धीर येतो? तिची झोप, जेवण, अभ्यास नीट चालू आहे का? घरच्या वडीलधाऱ्यांना काय वाटते? उत्तरे ऐकल्यावर कदाचित औषधाची गरज नाही असे ठरेल, कदाचित ती तातडीने लागतील असेही ठरेल. न विचारता मात्र दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते.

अविश्वास कोठून आला?

माओरी हे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी. १८४० साली त्यांचे अनेक प्रमुख आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यात वाइटांगीचा करार झाला. पुढील काळात त्यांची बहुतेक जमीन हातची गेली. १८६७ च्या कायद्याने त्यांच्या मुलांच्या शाळांत इंग्रजीतून शिक्षण आले, आणि पुढे शाळेत माओरी बोलल्याबद्दल कित्येक मुलांना शिक्षा झाल्या. त्यांच्या पारंपरिक जाणकारांना व उपचारकांना 'तोहुंगा' म्हणतात. भोंदूंना आळा घालण्याचे कारण देऊन १९०७ साली तोहुंगांविरुद्ध कायदा झाला. तो १९६२ पर्यंत टिकला. माओरी भाषेला अधिकृत दर्जा मिळाला तो १९८७ साली.

ज्या सत्तेने आपली भाषा आणि आपले उपचारक दूर सारले, तिच्याच रुग्णालयात जाऊन मन मोकळे करणे सोपे असेल का?

२००३-०४ मध्ये न्यूझीलंडमध्ये सुमारे १३ हजार लोकांची मानसिक आरोग्य पाहणी झाली. मागील १२ महिन्यांत कोणता ना कोणता मनोविकार झालेल्यांचे प्रमाण एकूण लोकसंख्येत २०.७ टक्के, तर माओरींमध्ये २९.५ टक्के आढळले. वय, शिक्षण आणि उत्पन्न यांतील फरक हिशेबात घेतल्यावर ही तफावत बरीच कमी झाली. म्हणजे यात वंशापेक्षा परिस्थितीचा वाटा मोठा होता. आणि विकार असूनही उपचारांसाठी पोहोचणाऱ्यांचे प्रमाण माओरींमध्ये इतरांपेक्षा कमी होते.

एका विद्यार्थिनीचा प्रश्न

१९८८ साली क्राइस्टचर्च येथे एका सभेत परिचर्या शिकणाऱ्या एका माओरी विद्यार्थिनीने विचारले की, कायद्याच्या, नीतीच्या आणि उपचारांच्या सुरक्षिततेबद्दल तुम्ही बोलता, मग सांस्कृतिक सुरक्षिततेचे काय? माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी या प्रश्नाला सिद्धांताचे रूप दिले. १९९२ मध्ये तेथील परिचर्या परिषदेने हा विषय परिचारिका व सुईणींच्या शिक्षणात आवश्यक केला. २०१९ मध्ये तेथील वैद्यक परिषदेनेही डॉक्टरांसाठी सांस्कृतिक सुरक्षिततेचे निवेदन काढले.

रॅम्सडेन यांनी तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली, लोकांत भेद असतात याची जाणीव. दुसरी, त्या भेदांविषयी संवेदनशीलता. तिसरी, सुरक्षितता. या तिसऱ्या पायरीवर दोन गोष्टी नव्या आहेत. एक, उपचार करणाऱ्याने आधी स्वतःचे संस्कार, पूर्वग्रह आणि हातातील अधिकार तपासायचे. दुसरी, सेवा सुरक्षित होती की नाही हे सेवा घेणाऱ्याने ठरवायचे.

म्हणून माओरी चालीरीतींची यादी पाठ करणे पुरेसे नाही. माओरी परंपरेत डोके पवित्र मानतात, म्हणून डोक्याची उशी पायाखाली ठेवू नये, हे माहीत असणे चांगलेच. पण प्रत्येक माओरी सारखाच वागतो असे धरून चालणे हीदेखील तिरक्या डोळ्याने पाहण्याचीच एक तऱ्हा आहे!

चार भिंतींचे घर

१९८० च्या दशकात माओरी मनोविकारतज्ज्ञ मेसन ड्यूरी यांनी आरोग्याला चार भिंतींच्या घराची उपमा दिली. शरीर, मन, आत्मिक बाजू आणि कुटुंब या त्या चार भिंती. एक खचली तर घरच डळमळते. म्हणून तपासणीच्या वेळी कुटुंबाला बोलावणे आणि माओरी भाषेत स्वागत करणे हा उपचाराचाच भाग ठरतो. पोरिरुआ येथे बालमनोविकारतज्ज्ञ अॅलिस्टर बुश आणि माओरी उपचारक विरेमू नियानिया यांनी तर एकत्र बसून रुग्ण पाहिले. तो अनुभव त्यांनी २०१७ साली पुस्तकरूपाने मांडला. येथे औषधे सोडून दिलेली नाहीत. निदान अधिक अचूक करण्यासाठी पाहणाऱ्यांचे डोळे वाढवले आहेत.

आपल्याकडे मेळघाटात कोरकू, तर गडचिरोलीत गोंडी आणि माडिया बोलणारे लोक राहतात. शाळेत आणि दवाखान्यात त्यांची गाठ बहुधा मराठीशी पडते. तुमच्यापैकी काही जण उद्या डॉक्टर, परिचारिका किंवा शिक्षक व्हाल. समोरचा माणूस गप्प बसला, तर 'याला काय झाले आहे?' या प्रश्नाआधी 'मी कोठून पाहतो आहे?' हा प्रश्न स्वतःला विचारा. डोळा पातळीवर आणल्याशिवाय खरा आकडा दिसत नाही.

विचार करा

१. तापमापी आणि संभाषण या दोन उपकरणांत कोणते फरक आहेत?
२. सेवा सुरक्षित होती की नाही हे रुग्णानेच का ठरवावे?
३. तुमच्या वर्गात घरी वेगळी भाषा बोलणारा विद्यार्थी असेल, तर त्याला मोकळे वाटावे म्हणून काय करता येईल? आधी त्यालाच विचारा.